नकार देणारा साथीदार

जादू आणि ड्रॅगनच्या जगात घडणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडू एकटा नसतो. तो स्वतःचा नायक किंवा नायिका घडवतो आणि त्याच्या सोबतीला जादूगार, योद्धे, चोर, घर सोडून आलेले सरदारपुत्र असे साथीदार येतात. लढाई संपली की रात्री तळावर शेकोटी पेटते आणि गप्पा सुरू होतात. खेळाडू कोणते वाक्य निवडतो यावर साथीदाराचे मत बनते. मैत्री होते, भांडण होते, कधी प्रेमही जुळते. मात्र कोणाचे कोणाशी जुळू शकते, हे लेखकाने आधीच ठरवून ठेवलेले असते. गेल्या पंचवीस वर्षांत हे ठरवण्याची रीत अनेकदा बदलली. तो इतिहास केवळ करमणुकीचा नाही. त्याची एक कडी भारतातल्या दुकानांपर्यंत आणि न्यायालयांपर्यंत येते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गेम हा माझा प्रांत नाही. पण टोरांटोत शिकणारा माझा भाचा एकदा फोनवर म्हणाला, “मामू, या गेममधला डोरियन मला नाही म्हणाला. मी नायिका घेतली होती ना, म्हणून.” मी विचारले, “मग वाईट वाटलं?” तो म्हणाला, “नाही. उलट तो खरा वाटला.” आज्ञाधारक पात्रापेक्षा नकार देणारे पात्र जास्त खरे का वाटावे, हा प्रश्न साहित्य शिकवणाऱ्या माणसाच्या ओळखीचा आहे. म्हणून मी मागे जाऊन शोधू लागलो.

या प्रकाराला वळण देणारा एक महत्त्वाचा गेम म्हणजे कॅनडातल्या एडमंटन शहरातील बायोवेअर कंपनीचा ‘बाल्डर्स गेट २’. साल 2000. त्यात पुरुष नायकासाठी प्रेमाचे तीन मार्ग होते : एरी, जहीरा आणि व्हिकोनिया. स्त्री नायिकेसाठी एकच, अॅनोमेन. पुरुषाने पुरुषावर किंवा स्त्रीने स्त्रीवर प्रेम करण्याची सोयच नव्हती. तीनास एक या हिशेबातच खेळणारा कोण असेल याचा अंदाज दडलेला आहे. तो पुरुष असणार आणि त्याला स्त्रियाच आवडणार, असे गृहीत होते. या गृहीतकाविषयी वाद झाला नाही, कारण ते कोणी बोलून दाखवलेच नव्हते.

2005 मध्ये याच कंपनीने प्राचीन चीनच्या धर्तीवरचा ‘जेड एम्पायर’ आणला. त्यात स्काय हा पुरुष आणि सिल्क फॉक्स ही राजकन्या, या दोघांचे प्रेम पुरुष किंवा स्त्री, कोणत्याही नायकाशी जुळू शकत होते. नोव्हेंबर 2009 मध्ये ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ आला तेव्हा हे अधिक उघडपणे झाले. चार साथीदारांपैकी अॅलिस्टरला स्त्रिया आवडत, मॉरिगनला पुरुष, तर लेलियाना आणि झेव्रान यांना दोन्ही. लेलियानाच्या भूतकाळात मार्जोलेन नावाची एक स्त्री आहे. तुमचा नायक कोणीही असो, ती गोष्ट तिच्या आयुष्यात घडलेली आहेच.

अवघ्या सोळा महिन्यांनी, मार्च 2011 मध्ये, ‘ड्रॅगन एज २’ आला आणि रीत पुन्हा बदलली. अँडर्स, फेन्रिस, इझाबेला आणि मेरिल हे चारही मुख्य साथीदार आता पुरुष आणि स्त्री, दोन्ही नायकांना खुले होते. या पद्धतीसाठी पुढे ‘प्लेअरसेक्शुअल’ असा शब्द रूढ झाला. म्हणजे साथीदाराचा कल स्वतःचा नाही, खेळाडू जसा असेल तसा. तेव्हा एका खेळाडूने तक्रार केली की स्त्रिया आवडणाऱ्या पुरुष खेळाडूकडे दुर्लक्ष झाले. मुख्य लेखक डेव्हिड गेडर यांनी त्याला जाहीर उत्तर दिले. गेम सर्वांसाठी आहे आणि केवळ बहुसंख्य असल्यामुळे कोणाला जास्त पर्याय मिळण्याचा हक्क लागत नाही, असा त्याचा आशय होता.

दार सर्वांना उघडले, ही मोठी गोष्ट होती. पण तिच्यात एक गोम राहिली. अँडर्सचा कार्ल नावाचा एक जुना सोबती असतो. दोघांत प्रेम होते, हे अँडर्स नायक पुरुष असेल तरच सांगतो. नायिका असेल तर कार्ल केवळ मित्र म्हणून उरतो. विचारणारा बदलला की माणसाचा भूतकाळच बदलतो. सर्वांना होकार देता यावा म्हणून पात्राने आपल्या आठवणी लपवायच्या, ही किंमत थोडी नाही.

इथे भाषेचाही भाग आहे. इंग्रजीत ‘मी तुझी वाट पाहिली, तू आलास’ हे वाक्य बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावरून बदलत नाही. एकदा लिहिले, एकदा ध्वनिमुद्रित केले की दोघांना चालते. मराठीत ‘मी थांबतो’ की ‘मी थांबते’, ‘तू आलास’ की ‘तू आलीस’, हे ठरवल्याशिवाय लेखणी पुढे सरकत नाही. पोलिश भाषेतही भूतकाळाच्या क्रियापदातून स्त्री-पुरुष कळतात, त्यामुळे अशा गेमचा अनुवाद करणाऱ्यांना तिथे हाच पेच पडतो. उर्दू गझलेने त्यावर फार पूर्वी स्वतःची वाट काढली. माशूक स्त्री असली तरी तिच्याविषयी पुल्लिंगी क्रियापद वापरायचे, हा तिथला दस्तूर. त्यामुळे शेर वाचणारा प्रत्येक जण त्यात आपला माणूस पाहू शकतो. वर्गात मुले विचारतात, “सर, हा ‘आया’ कोण?” मी सांगतो, शायराने ते तुमच्यावर सोडले आहे. गझलेचा माशूक आणि ‘ड्रॅगन एज २’चे साथीदार यांच्यात हे साम्य आहे. फरक एवढाच की माशूकाला स्वतःची कहाणी सांगायची नसते, साथीदाराला असते.

18 नोव्हेंबर 2014 रोजी आलेल्या ‘ड्रॅगन एज : इन्क्विझिशन’ने ती कहाणी सांगायचे ठरवले. प्रत्येक साथीदाराला स्वतःचा कल मिळाला. कॅसान्ड्राला पुरुष आवडतात, सेराला स्त्रिया, आयर्न बुलला दोन्ही. आणि डोरियनला फक्त पुरुष. डोरियन लिहिला गेडर यांनी. ते स्वतः समलिंगी आहेत आणि हे त्यांनी जाहीरपणे सांगितलेले आहे. डोरियन टेव्हिंटर नावाच्या साम्राज्यातल्या खानदानी घरातला. तिथे लग्न म्हणजे रक्ताची शुद्धता टिकवण्याचा व्यवहार. मुलगा लग्नाला नकार देतो म्हणून बाप रक्ताच्या जादूने त्याला ‘बदलण्याचा’ प्रयत्न करतो. ही जादू वाईट, असे बापानेच त्याला शिकवलेले असते. डोरियन घर सोडतो. पुढे एका सराईत बाप-लेक समोरासमोर येतात आणि त्या संवादात तलवार नाही, राक्षस नाही. आहे तो फक्त मुलाचा प्रश्न : माझ्यावर प्रेम होते, तर मला मिटवायला का निघालात?

डोरियन खेळाडूच्या मर्जीप्रमाणे बदलणारा असता, तर ही कहाणी उभीच राहिली नसती. माझ्या भाच्याला मिळालेला नकार आणि बापाला मिळालेला नकार एकाच मुळातून येतात.

हा गेम भारतात मात्र दुकानात पोचला नाही. स्थानिक अश्लीलताविरोधी कायद्यांचा भंग टाळण्यासाठी तो भारतातल्या विक्रीतून मागे घेत आहोत, असे प्रकाशक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने जाहीर केले. आगाऊ पैसे भरणाऱ्यांना ते परत देण्याचे ठरले. नेमके काय अश्लील, हे निवेदनात नव्हते. पण काळ पाहा. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजी प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खासगी समलिंगी संबंधांना कलम 377 मधून वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी तो निकाल फिरवला. ‘ओरिजिन्स’ पहिल्या निकालानंतर चार महिन्यांनी आला, ‘इन्क्विझिशन’ दुसऱ्या निकालानंतर अकरा महिन्यांनी. माघारीचे कारण कलम 377 होते, असे कंपनी म्हणाली नाही आणि मीही म्हणणार नाही. पण ज्या वर्षी या देशात डोरियनसारखी माणसे कायद्याने पुन्हा गुन्हेगार ठरलेली होती, त्याच वर्षी डोरियनही इथे आला नाही, एवढे खरे.

पुढे 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने संमतीने होणारे असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. 7 जून 2021 रोजी मद्रास उच्च न्यायालयाने वैद्यकीय उपचारांनी लैंगिक कल ‘बदलण्याच्या’ प्रयत्नांना मनाई करण्याचे निर्देश दिले. निकाल वाचताना मला टेव्हिंटरचा तो बाप आठवला. जादू कल्पनेतली होती, बाप कल्पनेतला नव्हता.

दरम्यान गेमचे पारडे पुन्हा झुकले. ऑगस्ट 2023 मध्ये बेल्जियममधील गेंट शहरातील लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ आला आणि वर्षअखेरीस वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम ठरला. ज्या मालिकेत 2000 साली तीनास एक हिशेब होता, तिथे आता प्रेम जुळू शकणारे सगळे साथीदार कोणत्याही नायकाला खुले आहेत. पण नकार संपलेला नाही. तुम्ही निरपराधांना मारले तर साथीदार दूर जातो, कधी सोडून जातो. दोनशे वर्षे मालकाच्या हुकमावरून लोकांना भुलवत आलेला अॅस्टेरियन सुरुवातीला मोहाचाच डाव टाकतो. मग हळूहळू कबूल करतो की जवळीक म्हणजे काय हेच त्याला कळत नाही. तिथे त्याला ‘नको’ म्हणू देणे हेच प्रेम ठरते. 31 ऑक्टोबर 2024 रोजी आलेल्या ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’मध्येही सातही साथीदार सर्वांना खुले आहेत. खेळाडूने लक्ष दिले नाही तर त्यातले लुकानिस आणि नेव्ह एकमेकांच्या जवळ येऊ शकतात. त्यांचे मन खेळाडूपुरते उरलेले नाही.

सर्वांसाठी दार उघडे असावे, ही मागणी न्यायाची आहे. पात्राला स्वतःचे मन असावे, ही मागणी साहित्याची आहे. पंचवीस वर्षे गेमचे लेखक या दोहोंच्या मध्ये येरझाऱ्या घालत आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. निवड करायची झाली तर मी शिक्षक म्हणून डोरियनच्या बाजूने उभा राहीन. ज्या घरांत मुलामुलींच्या होकाराची वाट पाहिली जात नाही, तिथल्या मुलांना सगळ्यांना हो म्हणणारा साथीदार दाखवून फारसे काही मिळत नाही. ‘नाही’ म्हणूनही जिवंत, हसतमुख आणि आदरणीय राहिलेला माणूस त्यांनी एकदा तरी पाहायला हवा.