कमान, पाटा आणि शॉक

न्हावऱ्याहून शिरूरला एस. टी.ने जावयाचे असेल तर जाणता माणूस सहसा शेवटच्या बाकावर बसत नाही. बाक रिकामा असला तरी दांडीला धरून पुढे उभे राहणे तो पत्करतो. कारण विचारले तर म्हणेल, "मागं लई आपटतंय." या तीन शब्दांत एका मोठ्या शास्त्राचे सार आले आहे, आणि आज आम्ही त्याच शास्त्राच्या इतिहासाविषयी बोलणार आहोत. व्याख्यानमालेच्या चिटणीसांना आम्ही विषय कळविला तेव्हा ते क्षणभर बुचकळ्यात पडले. कामगार संघटनेचा माणूस, तेव्हा संपाचा इतिहास सांगेल अशी त्यांची अटकळ असावी. भांडणाची गोष्टही येणार आहे, परंतु ती गाडीच्या कमानीच्या पोटातून येईल.

आमचे शालेय शिक्षण सातवीपुरतेच झाले. पुढील तीन वर्षे नगर रस्त्यावरील एका कमानीच्या दुकानात गेली. ट्रकचे मोडलेले पाटे उतरविणे, भट्टीत लाल करून त्यांना पुन्हा बाक देणे, सेंटर बोल्ट आवळणे, ही आमची पाठशाळा. तेथील उस्ताद पाट्यावर हातोडीने हलकेच मारून आवाज ऐकत आणि पाटा आतून तडकला आहे की नाही ते सांगत. पुस्तके आम्ही नंतर वाचली. पण पुस्तकातले कोणते खरे धरावे हे मात्र त्या हातोडीने शिकविले.

आता मुळापासून पाहू. आपल्या बापजाद्यांच्या बैलगाडीला कमान नव्हती. लाकडी चाक, त्यावर लोखंडी धाव, मध्ये तुंबा, त्यातून आस, आणि आसावर थेट साटा. वाटेतला प्रत्येक धोंडा चाकातून आसात, आसातून साट्यात आणि साट्यातून माणसाच्या मणक्यात जाई. गाडीवान साट्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकून बसे, ती त्याची स्प्रिंग! यावर कोणी हसू नये. धक्का आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी लवचीक घालावे, ही सगळ्या विद्येची पहिली पायरी त्या पेंढीतच आहे.

लवचीक वस्तूचा हिशेब प्रथम मांडला तो इंग्लंडच्या रॉबर्ट हूक याने. १६७८ साली त्याने प्रसिद्ध केलेला नियम साध्या मराठीत सांगायचा तर असा, की जितका भार तितकी वाक. भार दुप्पट केला की स्प्रिंग दुप्पट दबते. गंमत अशी की याच काळात आपल्याकडे छत्रपती शिवाजीमहाराज दक्षिण दिग्विजय करून परतत होते. असो. या नियमाचा गाडीला खरा उपयोग होण्यास बराच काळ लागला. १८०४ साली लंडनच्या ओबडाया एलियट याने पोलादी पाट्यांच्या दोन कमानी तोंडाला तोंड लावून बसविल्या आणि त्याचे पेटंट घेतले. लिंबाच्या फोडीसारखा तो आकार. पुढे घोडागाड्यांना ही कमान सर्रास आली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडेही आली. पुण्याच्या टांग्याखाली दिसे ती कमान याच घराण्यातली. टांग्यात बसणाऱ्याचे सुख आणि बैलगाडीत बसणाऱ्याचे हाल यांतला फरक त्या काही शेर पोलादाचा होता. ज्याच्याकडे भाड्याचे पैसे त्याला कमान, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला धाव!

बैलगाडीला कमान कधी मिळालीच नाही, पण तिला टायर मिळाला. बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्याच्या नावावरून आपल्या शेतकऱ्याने टायरच्या बैलगाडीलाच 'डनलॉप' म्हणावयास आरंभ केला. घोडगंगा साखर कारखाना न्हावऱ्याच्या परिसरात झाल्यावर ऊस ओढणाऱ्या टायरगाड्यांच्या रांगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. टायरमधली हवा हीदेखील एक स्प्रिंगच होय.

आता एस. टी.कडे येऊ. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली सरकारी बस सुटली ती आपल्याच शिरूरवरून गेली. गाडी बेडफर्ड जातीची, अंग लाकडी, बाकांत काथ्या. पुढे आणि मागे दोन्हीकडे सरळ आस आणि त्याखाली पाट्यांच्या कमानी. अनेक पाटे एकावर एक, सर्वांत लांब तो मेन पाटा. बस रिकामी असो वा भरलेली, कमान एकच. ती भरलेल्या गाडीच्या वजनाला पुरेल इतकी कडक ठेवावी लागते, म्हणून रिकामी बस अधिक उडते. शेवटचा बाक मागच्या आसाच्याही मागे लोंबतो. फळीवरच्या झोक्याचे टोक जसे मधल्या भागापेक्षा जास्त वर-खाली होते, तसे त्या बाकाचे होते. आमच्या जाणत्या प्रवाशाने दांडी धरून उभे राहणे का पत्करले ते आता कळले असेल.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व कथा तिच्यावर उभी आहे. कमान धक्का खाते, पण पचवीत नाही. दबताना घेतलेली शक्ती ती उसळताना परत करते. झोपाळा एकदा ढकलला की झुलतच राहतो, तशी नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यावर चार वेळा नाचते. पाट्यांच्या कमानीत यावर एक आयता उपाय होता. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यात थोडी शक्ती उष्णता होऊन विरते. आमच्या दुकानात एखादा हौशी ड्रायव्हर येऊन म्हणे, "सगळ्या पाट्यांत भरपूर ग्रीस भरा." उस्ताद म्हणत, "भरतो, पण मग गाडी डोलंल, माझ्या नावानं बोंब मारायची नाही." ग्रीसने करकर थांबे, गाडी मऊ होई आणि खरेच डोलू लागे. त्यावेळी आम्हाला तो उस्तादांचा हट्ट वाटला. कारण समजायला दहा वर्षे लागली.

मोटारी वेगाने धावू लागल्या तेव्हा हे घासणे पुरेना. प्रथम दोन तबकड्यांमध्ये घर्षणाची चकती घालून मुद्दाम घासणारे यंत्र निघाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्सच्या मॉरिस उदाय याने तेलाचा उपयोग केला. तेल बारीक भोकातून दाबून काढले की ते विरोध करते, आणि जितक्या वेगाने दाबावे तितका विरोध अधिक. हाच आपला शॉकअ‍ॅब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप. वस्तुतः नाव फसवे आहे. धक्का खाण्याचे काम स्प्रिंगचे आणि तिची उसळी आवरण्याचे काम शॉकअपचे. दुसऱ्या महायुद्धानंतर नळीत नळी सरकणारा शॉकअप सर्वत्र रूढ झाला. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या, १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट मोटारी होऊ लागल्या. त्यांच्या पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग होती आणि मागे जुन्या पाट्यांची कमान. मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली तोवर हे दोन जमाने एकाच गाडीखाली नांदत होते. १९६१ साली गॅब्रिएल इंडिया ही कंपनी निघाली आणि शॉकअप येथेच बनू लागले. तिचा एक कारखाना पुढे आपल्या जिल्ह्यात चाकणला झाला.

एवढ्याने माणसाचे समाधान होते तर तो माणूस कसला! मऊ गाडी वळणावर कलते आणि कडक गाडी खड्ड्यावर आपटते. मऊपणा आणि ताबा दोन्ही एकाच वेळी हवेत. फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीने १९५५ साली डी. एस. मोटारीत पोलादी स्प्रिंग काढून तेल आणि वायू यांच्या गोळ्यांवर गाडी तोलली. १९८३ साली जपानच्या टोयोटाने सोअरर गाडीत शॉकअपचा कडकपणा विजेच्या साह्याने बदलण्याची सोय केली. तेलाचे भोक कमी-जास्त करणारी झडप आता संगणक हलवू लागला. २००२ साली अमेरिकेत कॅडिलॅकच्या एका गाडीत याहून नवल घडले. तेलातच लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सोडले, भोवती चुंबकाची वेटोळी बसविली. वीज सोडताच कण रांगेत उभे राहतात आणि तेल घट्ट होते, वीज तोडली की पुन्हा पातळ. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात हे घडते. अशा चुंबकी तेलाचा शोध मात्र जेकब रॅबिनो या संशोधकाने १९४०च्या दशकातच लावला होता.

हे सारे परदेशचे, असे श्रोत्यांनी समजू नये. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटच्या कारखान्यात पुंटो, लिनिया या गाड्या झाल्या. २०१५ साली तेथलीच अबार्थ पुंटो ही १४५ अश्वशक्तीची, बसकी आणि कडक कमानीची गाडी बाजारात आली. २०१७ पासून तेथे जीप कंपास होऊ लागली. तिच्या शॉकअपमध्ये अशी युक्ती आहे की रस्त्याच्या बारीक, भरभर धक्क्यांना तेलाची जादा वाट उघडते आणि वळणावरच्या संथ कलण्याला ती बंद राहते. संगणक नाही, वीज नाही, केवळ तेल आणि झडप. आम्हाला ही युक्ती चुंबकी तेलापेक्षा अधिक आवडते, पण ते आमच्या भट्टीच्या संस्कारामुळे असेल.

गतवर्षी वसाहतीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातील एक तरुण सभासद आमच्याकडे आला. त्याने पुण्याहून जुनी, वेगवान, परदेशी बनावटीची गाडी घेतली होती. शॉकअप विजेवर बदलणारे, त्यांपैकी एक गळू लागलेला. एका दुकानदाराने त्याला आखूड, कडक स्प्रिंगा बसवून गाडी खाली करून दिली आणि शॉकअप जुनेच ठेवले.

"नाना, गाडी दिसती भारी," तो म्हणाला, "पण प्रत्येक गतिरोधकावर खाली ठोकती. अन् उसळली की थांबत नाही."

आम्ही म्हणालो, "अरे, बैल बदललास आणि वेसण जुनी ठेवलीस!"

त्याला आम्ही जे सांगितले ते येथेही सांगतो. स्प्रिंग कडक केली की तिची उसळी जोरदार होते, म्हणून शॉकअपची उसळी आवरण्याची ताकदही त्या मापाने वाढवावी लागते. गाडी खाली केली की चाकाला दबायला जागा कमी उरते, मग शेवटच्या रबरी थांब्यावर आपटणे आलेच. स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनविलेलेच घ्यावेत, एका आसावरचे दोन्ही एकदम बदलावेत, वरचे रबरी बसके आणि थांबे नवे घालावेत, आणि शेवटी चाकांची दिशा यंत्रावर जुळवून घ्यावी. विजेच्या शॉकअपच्या जागी साधा घातला तर गाडीचा संगणक त्याला शोधत राहतो आणि समोर दिवा पेटवतो. दिवा विझवण्याची डबी मिळते, पण ती डबी गाडी सावरत नाही. नोंदणीच्या तपशिलाविरुद्ध बदल मालकाला करता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल आहे, हेही त्याच्या कानावर घातले. पोराने सगळे लिहून घेतले. मग हळूच म्हणाला, "नाना, आमच्या कामावरच्या बसला असलं काही बसतं का?"

या प्रश्नाने आम्हाला पंधरा-सोळा वर्षे मागे नेले. अशाच एका ठेक्याच्या बसने आमचे लोक तीन पाळ्यांत कामावर जात. मागचे दोन्ही शॉकअप तेल गळून कोरडे पडले होते, एका कमानीचा पाटा मोडून तारेने बांधलेला. चालक बेचाळीस वर्षांचा, अबोल माणूस. त्याची कंबर धरली; पुढे पायाला मुंग्या येऊ लागल्या. आम्ही मागण्यांच्या यादीत सहावे कलम घातले: 'बसचे शॉकअप व पाटे बदलणे आणि चालकास स्प्रिंगची बैठक देणे.' कारखान्याचे अधिकारी हसले. युनियनने मेकॅनिकचे काम केव्हापासून घेतले, असा त्यांचा सवाल.

त्यांना उत्तर देण्यासाठी आम्ही अभ्यास केला. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा हलणाऱ्या उभ्या कंपाला सर्वांत अधिक त्रासते. कंपाच्या मोजणीचे आंतरराष्ट्रीय मानक १९७४ सालीच निघाले, आणि २००२ साली युरोपने कामगाराच्या अंगाला दिवसभरात किती कंप बसू द्यावा याची मर्यादा कायद्याने घातली. हे कागद आम्ही मेजावर ठेवले. त्यांनी ते बाजूला सारले. तेव्हा आमच्यातला एक जुना सभासद उठून म्हणाला, "साहेब, कागद राहू द्या. उद्या सकाळच्या पाळीला आमच्यासंगं न्हावऱ्यापासून शेवटच्या बाकावर बसून या."

साहेब आले, हे त्यांच्या मोठेपणाचे. गर्दीमुळे वाटेत पुढे सरकायला त्यांना जागा मिळाली नाही. फाटकाशी उतरले तेव्हा एक हात कमरेवर होता. आठवड्याच्या आत दोन्ही शॉकअप आणि एक पूर्ण कमान नवी आली. चालकाची बैठक मात्र ठेकेदाराचा विषय म्हणून बाजूला राहिली, आणि तो चालक त्याच वर्षी दिवाळीनंतर कामावर आला नाही. आता तो गावातच किराणा दुकानात बसतो. उठताना खांब धरतो.

तरुण सभासदाला आम्ही सांगितले की होय, बसलाही बसते. बैठकीखाली हवेची स्प्रिंग आणि छोटा शॉकअप असलेली चालकाची खुर्ची बाजारात मिळते. त्याने त्याच वहीत, आपल्या गाडीच्या यादीखाली, तेही लिहून घेतले. चालू कराराच्या मसुद्यात ते कलम आहे. या वेळी त्याचा क्रमांक दुसरा आहे.