पडलेल्या उंदरापासून संगणकातल्या उंदरापर्यंत

१/ प्लेगच्या काळात 'उंदीर पडला' हे दोन शब्द घर सोडायला पुरेसे असत. १८९६ मध्ये मुंबईत प्रकटलेली साथ सोलापुरातही पोचली. शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीत मेलेला उंदीर म्हणजे धोक्याची घंटाच. मात्र त्या उंदराच्या पोटात नेमके काय दडले आहे, याचे उत्तर परळच्या प्रयोगशाळेत मिळायचे होते.

२/ १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोगाचे काम सुरू झाले. मुंबईभरातून आणलेले हजारो उंदीर फाडून नुसत्या डोळ्यांनी तपासले गेले: मानेतील गाठ, दाणेदार दिसणारे यकृत, छातीत साचलेले पाणी. दूषित मांस खाऊ घातलेल्या उंदरांत गाठ आतड्यालगत येई. घराघरांतून आलेल्या उंदरांत ती बहुधा मानेत सापडे. म्हणजे रोग अन्नातून नव्हे, त्वचेतून शिरत होता. प्लेगच्या घरांत सोडलेल्या गिनीपिगांनी संशय पिसवेवर पक्का केला. कोणता अवयव बिघडला, एवढ्यावरून एका महामारीची वाट उलगडली!

३/ किंमत मात्र ठरलेली होती. प्रत्येक उत्तरामागे एक मृत प्राणी. दहाव्या दिवशी तपासलेला उंदीर तिसाव्या दिवशी पुन्हा पाहता येत नसे.

४/ १९८० च्या दशकात सूक्ष्म सीटी स्कॅन आले. शंकूच्या आकाराच्या क्ष-किरणझोतातून त्रिमिती चित्र रचण्याचे सूत्र १९८४ मध्ये फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांनी मांडले, तेही फोर्ड या मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत. आता जिवंत उंदराचे अंतरंग पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागले. पण हाड उठून दिसे. यकृत, प्लीहा, जठर एकाच करड्या छटेत मिसळत. प्रत्येक कापावर हाताने सीमारेषा आखणे हे तज्ज्ञाचे दिवसेंदिवस चालणारे काम झाले.

५/ २००७ मध्ये कॅलिफोर्नियात 'डिजिमाउस' हा नकाशा तयार झाला. त्यासाठी एक उंदीर गोठवून त्याचे पातळ काप घ्यावे लागले. जिवंत उंदीर वाचण्यासाठीही आधी एक मेलेला उंदीर लागला, ही विसंगती विसरू नये.

६/ २०१५ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे 'यू-नेट' हे जाळे जन्मले. त्याच धर्तीवर २०२० मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी 'आयमॉस' प्रसिद्ध केले: संपूर्ण उंदराच्या स्कॅनमधील अवयव एका सेकंदाच्या आत वेगळे! मात्र यंत्र शिकते ते माणसांनी आखलेल्या रेषांवरून, आणि दोन तज्ज्ञांच्या रेषा तंतोतंत जुळत नाहीत. गुरूची सवय शिष्यातही उतरते, हे त्याच संशोधकांनी दाखवून दिले.

७/ महाराष्ट्रात खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात लहान प्राण्यांच्या प्रतिमांकनाची सोय आहे. औषधाने गाठ आटली का, किरणोत्सारी द्रव्य मूत्रपिंडात किती साचले, हे अवयवाच्या सीमेवरच ठरते. उंदराची प्लीहा इवलीशी. तिथे रेषा केसभर सरकली तरी मात्रेचे गणित बदलते.