माल्टातील इटालियन भाषेचा उदय आणि अस्त

इटालियन भाषेचा राजमान्य प्रदेश आज मुख्यतः इटली, सान मारिनो आणि स्वित्झर्लंडचा दक्षिण भाग एवढाच असला, तरी सिसिलीच्या दक्षिणेकडील माल्टा बेटांवर न्यायदान आणि उच्च शिक्षण १९३४ पर्यंत याच भाषेत चालत असे. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटे सेंट जॉनच्या सरदारसंघाला, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळात उदयास आलेल्या लढाऊ धर्मसंघाला, दिली. नाना देशांतून आलेल्या या सरदारांच्या कारभारात इटालियन रुळली आणि १७८४ ची विधिसंहिताही तिच्यातच सिद्ध झाली. सामान्य माल्टावासी मात्र घरी आणि बाजारात माल्टी बोलत, जी मुळात सिसिलीतील अरबी बोलीपासून निपजलेली भाषा होय.

१८०० मध्ये ब्रिटिश आले, तरी वकील, पाद्री आणि विद्वान यांच्या वर्गाने इटालियन सोडली नाही. १८८० मध्ये शिक्षणव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या पॅट्रिक कीनन यांच्या अहवालाने शाळांत माल्टी व इंग्रजीला प्राधान्य देण्याची शिफारस करताच इटालियनचे कैवारी राजकारणी फोर्तुनातो मिझ्झी यांनी तिला संघटित विरोध केला आणि अभ्यासक्रमाचा प्रश्न पक्षीय राजकारणाचा कणा बनला. एकीकृत इटलीचा प्रभाव आपल्या आरमारी तळावर पडेल, ही धास्ती राज्यकर्त्यांना होती, तर विरोधकांच्या दृष्टीने इटालियन हे बेटाच्या युरोपीय व कॅथलिक संस्कृतीचे आणि स्वशासनाच्या मागणीचे प्रतीक होते.

१९२१ च्या राज्यघटनेने इंग्रजी व इटालियन या दोन्हींना राजभाषा मानले. परंतु मुसोलिनीच्या राजवटीने माल्टावर सांस्कृतिक हक्क सांगण्यास आरंभ केल्यावर इटालियनच्या कैवाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. १९३४ मध्ये इटालियनचा राजभाषेचा दर्जा गेला, तिची जागा माल्टीला मिळाली आणि न्यायालयांतही माल्टी आली. जून १९४० मध्ये इटालियन विमानांनी बेटावर बाँब टाकल्यावर तर तिच्या पुनरागमनाची उरलीसुरली आशाही मावळली. फोर्तुनातो यांचे पुत्र एन्रिको मिझ्झी यांना इटलीधार्जिणेपणाच्या संशयावरून १९४२ मध्ये युगांडात हद्दपार करण्यात आले. पुढे १९५० मध्ये तेच पंतप्रधान झाले, तरी भाषेचा निर्णय फिरला नाही.

माल्टीच्या शब्दसंग्रहाचा सुमारे अर्धा भाग आजही सिसिलियन व इटालियन मुळांचा आहे. कचेऱ्या, न्यायालये आणि विद्यापीठ यांच्या आधारावर शतकानुशतके टिकलेली भाषा तो आधार काढून घेताच पदच्युत झाली, कारण बहुसंख्य घरांची ती कधीच झाली नव्हती. इंग्रजी आणि इटालियन यांच्या त्या संघर्षात अखेर खरा लाभ झाला तो दोन्ही पक्षांनी दीर्घकाळ गौण लेखलेल्या माल्टीला.