पहाटे 4.57

माजलगावात बसून भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर मॅस्टोडॉन चढवायला घेतलंय. गावापुरतं, आपलं आपलं सोशल नेटवर्क. खाली डेटाबेस पोस्टग्रेस. कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेचाही तोच होता. म्हणून हात लावण्याआधी त्यांचा डेटा पुसला गेला ती 2017 सालची रात्र पुन्हा वाचली. वेळा इथल्या घड्याळाच्या.

31 जानेवारी, रात्री 10.50. एक अभियंता चाचणीसाठी मुख्य डेटाबेसची प्रत काढतो. एरवी ती 24 तासांतून एकदा निघते. ही जादाची.

12.30. डेटाबेसवरचा भार वाढतो. स्पॅमचा संशय.

3.30. दुय्यम सर्व्हर डीबी2 हा मुख्य डीबी1च्या फार मागे पडल्याचा इशारा. अभियंत्याकडे रात्रीचे 11 वाजलेत. तो आवरून उठणारच होता. थांबतो.

4.30. डीबी2वर नक्कल उतरणं बंदच पडलंय. नव्याने भरायचं तर तिथलं डेटा फोल्डर रिकामं हवं. ते रिकामं करून कमांड दिली जाते. ती नुसतीच बसून राहते. ना चूक दाखवते, ना काही सरकतं. खरं तर ती डीबी1कडून डेटा यायची वाट बघत असते. पण हे गिटलॅबच्या सूचनांत कुठे नीट लिहिलेलं नाही.

4.57. फोल्डरात काहीतरी उरलं असेल, म्हणून अडलं असेल, असा अंदाज. दोन सर्व्हरांच्या नावांत फरक एका आकड्याचा. सगळं पुसणारी कमांड, आरएम -आरएफ. एंटर.

एक-दोन सेकंद. हा डीबी1 आहे. कमांड तोडली जाते. सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी शिल्लक.

मग बॅकअपची शोधाशोध. अ‍ॅमेझॉनच्या एस3वरची बॅकअपची जागा रिकामी. डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, बॅकअप घेणारं पीजी-डंप 9.2चं, ते दर वेळी चूक देऊन थांबत होतं. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन त्याचे मेलही धाडत होता, पण मेलवर डिजिटल सही नसल्याने ते फेटाळले जात होते. (इथे मी उठून माझ्या क्रॉनचे मेल कुठे जातात ते पाहिलं. कुठेच जात नव्हते.) मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर डिस्कच्या प्रती काढायची सोय होती, डेटाबेसच्या सर्व्हरांना ती लावलेली नव्हती.

उरली 10.50ची प्रत, तीही संथ डिस्कवर. ती परत आणण्याचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं जातं.

1 फेब्रुवारी, रात्री 11.30च्या सुमारास गिटलॅब पुन्हा उभं राहतं, आदल्या रात्रीच्या 10.50वर. त्यानंतरचे सुमारे 5000 प्रकल्प, 5000 प्रतिक्रिया आणि 700 नवी खाती त्यात नाहीत.