‘बंगाल’ : एका छोट्या युद्धनौकेची शौर्यकथा

सिनेगॉगच्या स्मरणिकेत लढाऊ जहाजाची हकिकत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आपल्या समाजाचा इतिहास समुद्रापासूनच सुरू होतो. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. पुढे आपल्यातील कित्येकांनी सैन्यात व आरमारात नोकऱ्या केल्या. बेंजामिन अब्राहम सॅमसन हे तर भारतीय नौदलात व्हाइस अ‍ॅडमिरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. दुसऱ्या महायुद्धातील त्या आरमाराचा एक पराक्रम आपल्या नातवंडांच्या कानी पडावा म्हणून हा लेख.

एच.एम.आय.एस. ‘बंगाल’ ही माइनस्वीपर, म्हणजे पाणसुरुंग काढणारी नौका. अशा नौका मागे पोलादी दोर ओढीत चालतात. सुरुंगाची साखळी त्या दोराने कापली की सुरुंग वर तरंगतो, मग गोळी घालून तो फोडायचा. बंदराची वाट मोकळी ठेवणारे हे काम जोखमीचे, पण त्याचा गाजावाजा होत नसे. युद्धकाळात याच नौकांना व्यापारी जहाजांच्या सोबतीलाही पाठवीत.

रॉयल इंडियन नेव्हीसाठी ‘बंगाल’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ व ‘पंजाब’ या चार भगिनी नौका ऑस्ट्रेलियात बांधल्या गेल्या. ‘बंगाल’ सिडनीच्या कॉकाटू गोदीत तयार होऊन ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत आली. वजन सुमारे ६५० टन, लांबी १८६ फूट. तिच्यावर मोठी तोफ बसवलेली नव्हती. एकच बारा-पौंडी तोफ होती व तिच्यासाठी दारूगोळाही थोडाच होता. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम जोसेफ विल्सन. खलाशी बहुतेक हिंदी होते.

नोव्हेंबरमध्ये ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत ती फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाली. दि. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी, कोकोस बेटांच्या नैऋत्येस, दुपारच्या सुमारास दोन मोठी जहाजे दिसली. ती जपानची ‘होकोकु मारू’ व ‘आयकोकु मारू’ निघाली. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी, वेग ‘बंगाल’पेक्षा जास्त. त्यांच्या १४० मिलिमीटर तोफांचा एक गोळा सुमारे ३८ किलोचा, तर ‘बंगाल’चा साडेपाच किलोच्या आसपास.

विल्सन यांनी ‘ओंदिना’ला निसटून जाण्याचा इशारा दिला आणि आपली नौका सरळ शत्रूच्या रोखाने वळवली. तेलवाहू जहाज वाचावे, तोवर शत्रूला गुंतवून ठेवावे, एवढाच हिशेब. पण ‘ओंदिना’नेही पळ काढला नाही. तिच्यावर एक चार इंची तोफ व अवघे ३२ गोळे होते, त्यांनिशी ती लढली. थोड्याच वेळात ‘होकोकु मारू’वर भयंकर स्फोट झाला आणि ती बुडाली. नेम कोणत्या जहाजाचा लागला, यावर पुढे मतभेद झाले. बहुतेक अभ्यासक श्रेय ‘ओंदिना’ला देतात. तरीही ‘बंगाल’चा मान कमी होत नाही, कारण शत्रूच्या तोफांपुढे आधी तीच उभी राहिली.

दारूगोळा संपत आल्यावर, स्वतःही मार खाल्लेली ‘बंगाल’ तेथून दूर झाली. ‘ओंदिना’ बुडाली, असेच तिच्यावरील लोकांना वाटले. इकडे ‘ओंदिना’चे कप्तान विलेम हॉर्समन ठार झाले, जहाजाला दोन टॉर्पेडो लागले, होड्यांतील खलाशांवर मशीनगन चालवली गेली. तरीही रिकाम्या टाक्यांमुळे जहाज तरंगत राहिले. जपानी निघून गेल्यावर उरलेले खलाशी परत जहाजावर चढले, त्यांनी आग विझवली व जहाज फ्रीमँटलला परत नेले. ‘बंगाल’ दिएगो गार्सियाला पोहोचली. एवढ्या माऱ्यात तिच्यावरील एकही माणूस दगावला नाही.

विल्सन यांना डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला. स्वातंत्र्यानंतर ही नौका भारतीय नौदलात राहिली आणि १९६० मध्ये निवृत्त होऊन भंगारात गेली. आज तिचे लाकूड-लोखंड शिल्लक नाही, नाव तेवढे उरले आहे.

समुद्र ओलांडून सुखरूप परतणाऱ्याने मंडळीसमोर ‘बिर्कात हागोमेल’ म्हणावी, असा आपला धर्म सांगतो. आपणही समुद्रापलीकडून येथे येऊन वसलो. ती बेराखा म्हणताना, ज्यांनी दुसऱ्यांची वाट मोकळी केली त्या अनाम खलाशांचेही स्मरण व्हावे.