शोधशब्दांमागील वाचक : वर्धा जिल्हा

शोधशब्द : गूगलसारख्या शोधयंत्राला काही विचारताना टाइप केलेला किंवा बोललेला शब्द वा शब्दसमूह. तो विचारणारी व्यक्ती कोण, ती कुठे आहे आणि तिला नेमकी कशाची निकड आहे, हे ओळखणे म्हणजे शोधशब्दामागील वाचक ओळखणे. वृत्तपत्रे, कृषी सल्लागार, रुग्णालये आणि व्यापारी यांच्या संकेतस्थळांचा उपयोग लोकांना किती होतो, हे यावर ठरते. गावांची नावे, पिके आणि संस्था यांमुळे वर्धा जिल्ह्यात याची बोलकी उदाहरणे आढळतात.

हेतू : संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये हेतूनुसार शोधांचे तीन प्रकार मांडले : माहिती मिळवणे, ठरावीक संकेतस्थळ गाठणे आणि एखादा व्यवहार करणे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ‘वायगाव हळद गुणधर्म’ हा शोध पहिल्या प्रकारात मोडतो. ‘वायगाव हळद विक्री’ हा तिसऱ्या प्रकारातला. मात्र हा शोध गिऱ्हाईक हुडकणाऱ्या शेतकऱ्याचा आहे की हळद हवी असलेल्या कुटुंबाचा, हे एवढ्यावरून कळत नाही. दोघांची गरज उलट टोकांची असते आणि पानावर दोघांसाठीही उत्तर असावे लागते.

एक शब्द, अनेक वाचक : ‘सेवाग्राम’ हा शब्द गांधीजींच्या आश्रमातील बापूकुटी पाहू इच्छिणारा पर्यटक शोधतो, कस्तुरबा रुग्णालयात कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर बसतात, हे विचारणारे रुग्णाचे नातेवाईकही शोधतात. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रवेश घेऊ पाहणारा विद्यार्थी आणि नागपूर–मुंबई सेवाग्राम एक्सप्रेसचा प्रवासी यांचाही शब्द तोच. सेवाग्राम रेल्वे स्थानक आश्रमापासून काही किलोमीटर दूर आहे. नवख्या प्रवाशाला हे पानाच्या सुरुवातीलाच सांगितले, तर त्याचा हेलपाटा वाचतो.

सारखी नावे : महात्मा गांधी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगाव येथे राहायला आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नावाची गल्लत होऊन टपाल भलतीकडे जाई. म्हणून १९४० मध्ये गावाला सेवाग्राम हे नाव दिले गेले. हाच गोंधळ शोधयंत्रात आजही होतो. सेलू वर्धा जिल्ह्यात आहे, तसेच परभणी जिल्ह्यातही. आष्टी वर्ध्यात आहे आणि बीडमध्येही. कारंजा (घाडगे) वर्ध्यात, तर कारंजा लाड वाशीममध्ये. ‘सेलू कापूस भाव’ असे शोधणाऱ्याला दुसऱ्याच जिल्ह्याचा क्विंटलमागचा भाव दिसू शकतो. बाजारभावाच्या तक्त्यांत वर्ध्यातील बाजार समिती ‘सिंदी (सेलू)’ अशी लिहिली जाते; ही नोंद गल्लत टाळण्यास उपयोगी पडते. पानाच्या शीर्षकात तालुका व जिल्हा लिहिणे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय होय.

बोली आणि लेखन : शेतकरी कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतो, कृषी विभागाच्या पत्रकात कपाशी असते आणि बाजारात कापूस. हिंगणघाटचे नाव हिंदीच्या प्रभावाने ‘हिंगनघाट’ असेही लिहिले जाते. अनेक जण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, तर काही जण फोनला बोलूनच विचारतात. केवळ प्रमाण मराठीतले शब्द गृहीत धरले, तर माहितीची सर्वाधिक गरज असलेला वाचक निसटण्याचा धोका राहतो.

हंगाम : जूनमध्ये कापूस उत्पादक बियाणे व पेरणीबद्दल विचारतो, पावसाळ्यात फवारणीबद्दल, पुढे गुलाबी बोंडअळीबद्दल आणि वेचणी सुरू झाली की हमीभाव व भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदी केंद्राबद्दल. ‘पऱ्हाटीवर फवारणी’ असा शोध घेणारा बहुधा फवारणीच्या तयारीत असतो. त्याला औषधाचे अचूक प्रमाण, हातमोजे व मुखपट्टी वापरण्याची सूचना आणि विषबाधेची लक्षणे एकाच ठिकाणी मिळायला हवीत. येथे अर्धवट उत्तर जिवावर बेतू शकते.

साधने व मर्यादा : २००६ मध्ये सुरू झालेले ‘गूगल ट्रेंड्स’ एखाद्या शब्दाचा कल ० ते १०० या सापेक्ष मापात दाखवते, प्रत्यक्ष शोधांची संख्या देत नाही. फार कमी शोध झालेल्या शब्दांपुढे शून्य दिसते. त्यामुळे आर्वी किंवा देवळीतील एखादा खराखुरा प्रश्न आकड्यांत उमटतच नाही. ज्यांच्याकडे फोन नाही वा ज्यांना टाइप करता येत नाही, त्यांचा तर मागमूसही लागत नाही. म्हणून बाजार समितीच्या आवारात, रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर आणि कृषी सेवा केंद्रात लोक ज्या शब्दांत विचारतात, ते टिपून आकड्यांशी ताडून पाहणे आवश्यक ठरते. जिल्ह्यासाठी लिहिणाऱ्याने या दोन्ही नोंदी समोर ठेवूनच शब्द निवडावेत.