पंपासची गुरे आणि लंडनचा बाजार

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना या देशाचा गोमांस-व्यापार विसाव्या शतकाच्या आरंभापासून पुढे कित्येक दशके मुख्यतः एकाच गिऱ्हाइकावर उभा होता, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे ब्रिटन. गुरे विपुल, कुरणे अफाट आणि हवामान सौम्य अशी सर्व अनुकूलता असतानाही या व्यापारातील नफ्याचा मोठा भाग गुरांची पैदास करणाऱ्या पशुपालकाच्या हाती का राहिला नाही, या प्रश्नाचे उत्तर कुरणात सापडत नाही. जहाजातील जागा, आयात-परवाने आणि खरेदीदारांचे संगनमत यांच्या इतिहासात ते शोधावे लागते.

ब्यूनस आयर्सच्या भोवती पसरलेल्या विस्तीर्ण गवताळ सपाटीला पंपास म्हणतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश वसाहतकारांनी आणलेली गुरे तेथे मोकाट सुटून इतकी वाढली की दीर्घकाळ त्यांची शिकार केवळ कातडी आणि चरबीसाठी होत असे, आणि मांस टिकवून दूर नेण्याचे साधन नसल्यामुळे ते बहुतांशी माळावरच कुजत पडे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘सालादेरो’ म्हणजे मांस खारवण्याचे कारखाने उभे राहिले. तेथे मांसाचे पट्टे कापून, मिठात मुरवून, उन्हात वाळवत आणि ‘तासाखो’ या नावाने ते ब्राझील व क्यूबातील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचे अन्न म्हणून पाठवीत. युरोपातील ग्राहकाला हे कडक, खारट मांस रुचले नाही. क्यूबात १८८६ मध्ये आणि ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली तेव्हा या धंद्याचा मुख्य आधार गेला. माणसांच्या दास्यावर चालणारी ही बाजारपेठ नष्ट झाली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु एका ठरावीक गिऱ्हाइकासाठी उभारलेला धंदा त्या गिऱ्हाइकाबरोबरच कोसळतो, हा अनुभव अर्जेंटिनाला येथे प्रथम आला.

तोवर नवे तंत्र हाती आले होते. १८७६ मध्ये शार्ल तेलिये या फ्रेंच अभियंत्याने शीतयंत्रे बसवलेले ‘फ्रिगोरिफिक’ नावाचे जहाज फ्रान्समधील रुआँहून ब्यूनस आयर्सला आणले आणि ताजे मांस अटलांटिक महासागर ओलांडू शकते हे दाखवून दिले. त्यापाठोपाठ ‘पाराग्वे’ या जहाजाने अमोनियाच्या यंत्राने मांस पूर्ण गोठवून उलट दिशेने फ्रान्सला नेले. शीतगृहासह चालणाऱ्या कत्तलखान्याला तेथे ‘फ्रिगोरिफिको’ म्हणू लागले. १८८३ मध्ये पाराना नदीकाठच्या कांपाना गावी ब्रिटिश भांडवलाचा असा कारखाना सुरू झाला. आरंभी तेथून मेंढीचे मांसच अधिक जाई, कारण पंपासची काटक, लांब शिंगांची गुरे इंग्लिश गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरत नव्हती, आणि जी सुधारित जातीची होती ती जिवंतच जहाजावर चढवली जात. १९०० मध्ये अर्जेंटिनात लाळ-खुरकूत हा गुरांचा संसर्गजन्य रोग आढळल्याने ब्रिटनने जिवंत जनावरांची आयात बंद केली. या बंदीने मोठ्या पशुपालकांचे तात्पुरते नुकसान झाले, पण तिचा खरा परिणाम दूरगामी होता: यापुढे प्रत्येक निर्यातयोग्य जनावर फ्रिगोरिफिकोच्या दारातूनच जाणार होते आणि त्या दाराची किल्ली परदेशी कंपन्यांच्या हाती होती.

इंग्लिश अभिरुचीसाठी पंपासचे रूपही पालटण्यात आले. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसिएदाद रुराल’ या बड्या जमीनदारांच्या संघटनेने शॉर्टहॉर्न, हेरफर्ड आणि अॅबर्डीन अँगस या ब्रिटिश जातींच्या वळूंचा प्रसार केला. गव्हाच्या शेतीसाठी इटली व स्पेनहून आलेल्या कुळांना काही वर्षांच्या कराराने जमीन दिली जाई आणि करार संपताना त्या जमिनीत लसूणघास पेरून ती मालकाला परत करावी, अशी अट घातली जाई. कुळाने नांगरलेल्या जमिनीवर अशा रीतीने मालकाच्या गुरांसाठी कायमचा चारा तयार होई, आणि कूळ आपले बिऱ्हाड उचलून दुसऱ्या माळावर जाई.

पुढील घडामोडी नीट समजण्यासाठी गोठवलेले मांस आणि थंड राखलेले मांस यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. गोठवलेले मांस दगडासारखे कठीण होते, थरावर थर रचून महिनोन्‌महिने साठवता येते, मात्र वितळताना त्याचा रस गळून चव उतरते. थंड राखलेले मांस उणे एक अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे गोठण्याच्या किंचित अलीकडे ठेवतात. जनावराचे चार भाग करून ते जहाजाच्या कोठारात आकड्यांना असे टांगले जात की त्यांच्यामध्ये हवा खेळती राहील. हे मांस ताज्या मांसाच्या तोडीचे असे आणि भावही चढा मिळवी, परंतु कत्तलीपासून साधारण चाळीस दिवसांच्या आत ते गिऱ्हाइकाच्या हाती पडले पाहिजे, आणि त्यातले तीन आठवडे तर समुद्रावरच सरत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना अंतरामुळे हा व्यापार १९३० नंतरच्या काळापर्यंत साधला नाही; अर्जेंटिनाचे सामर्थ्य होते ते हेच. दुबळेपणाही त्यातच दडलेला होता. साठवण अशक्य असल्याने भाव पडला तरी माल रोखून धरता येत नसे, जहाजातील जागा फार आधी राखून ठेवावी लागे आणि जिच्याकडे ती जागा नाही अशा कंपनीने कितीही उत्तम गुरे विकत घेतली तरी तिला व्यापारात प्रवेश नव्हता.

शिकागोच्या मांस-कंपन्यांनी हे मर्म चटकन ओळखले. १९०७ मध्ये स्विफ्ट कंपनीने ला प्लाता येथील फ्रिगोरिफिको विकत घेतला आणि अन्य अमेरिकन कंपन्याही मागोमाग आल्या. आरंभी चढाओढीने गुरांचे भाव वाढले, पशुपालक खूश झाले. परंतु १९११ पासून ब्रिटिश, अमेरिकन आणि अर्जेंटाइन कारखान्यांनी एकत्र बसून जहाजातील जागा टक्केवारीने वाटून घेतली. कोणी किती मांस पाठवायचे हे ठरले म्हणजे कोणी किती गुरे घ्यायची हेही ठरते, आणि मग बाजारात भावासाठी झुंजण्याचे कारण उरत नाही. हे करार अधूनमधून मोडत, तेव्हा काही महिने भाव चढत. नवा करार झाला की ते पुन्हा बसत. पहिल्या करारात अमेरिकनांचा वाटा निम्म्याहून कमी होता, १९२७ च्या करारापर्यंत तो निम्म्याच्या वर गेला आणि अर्जेंटाइन भांडवलाचा वाटा घटत राहिला.

पशुपालकांमध्येही एकी नव्हती. ‘क्रियादोर’ म्हणजे गाई सांभाळून वासरांची पैदास करणारा; ‘इन्वेर्नादोर’ म्हणजे ती वासरे विकत घेऊन उत्तम कुरणांवर पुष्ट करणारा. थंड राखलेल्या मांसासाठी वर्षभर सारख्या वजनाची, सारख्या बांध्याची जनावरे लागत, म्हणून कारखाने इन्वेर्नादोरशी थेट संबंध ठेवून त्याला बरा भाव देत, आणि तो आपला नफा राखण्यासाठी क्रियादोरला कमी भाव देई. मंदी आली की भार खाली खाली सरकत अखेरीस क्रियादोरवर येऊन पडे, कारण त्याच्या खाली कोणीच नव्हते.

पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी डबाबंद व गोठवलेल्या मांसाची मागणी वाढली तेव्हा हा भेद झाकला गेला. युद्धोत्तर काळात, १९२१ च्या सुमारास, भाव कोसळताच तो उघडा पडला. अर्जेंटिनाच्या संसदेने १९२३ मध्ये कायदे केले, त्यांपैकी एकाने नजरअंदाजाच्या उक्त्या सौद्याऐवजी जिवंत वजनावर विक्रीची पद्धत आणली आणि दुसऱ्याने निर्यातीच्या गुरांना किमान भाव ठरवून दिला. यावर कारखान्यांनी खरेदीच थांबवली. चरून तयार झालेले जनावर दाव्यावर ठेवले तर रोज चारा खाते आणि ऐन वजनाचा काळ टळला की त्याची किंमत उतरू लागते, त्यामुळे विक्रेत्यांचा धीर अल्पावधीतच सुटला व सरकारला किमान भावाचा कायदा काही आठवड्यांतच स्थगित करावा लागला. या व्यापारातील खरे बलाबल इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रसंग सापडणे कठीण आहे.

१९२७ च्या आरंभापासून अमेरिकेने लाळ-खुरकूतीचे कारण देऊन अर्जेंटिनाच्या ताज्या मांसाला आपली बाजारपेठ बंद केली. ‘जो आपल्याकडून घेतो त्याच्याकडूनच घ्या’ अशी घोषणा सोसिएदाद रुरालने त्याच सुमारास दिली, आणि तिचा अर्थ ब्रिटनशी अधिक घट्ट बांधून घेणे हाच होता. नेमके त्याच वेळी ब्रिटन वसाहतींकडे वळत होता. १९३२ च्या ओटावा परिषदेत ब्रिटनने साम्राज्यातील देशांच्या मालाला प्राधान्य देण्याचे मान्य करून परक्या देशांच्या गोठवलेल्या मांसात टप्प्याटप्प्याने कपात जाहीर केली. घाबरलेल्या अर्जेंटिनाने उपराष्ट्राध्यक्ष खुलिओ रोका यांना लंडनला धाडले आणि १ मे १९३३ रोजी ब्रिटनचे व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांच्याशी करार झाला. वर्षाला सुमारे ३ लाख ९० हजार टन थंड राखलेले मांस घेण्याचे ब्रिटनने मान्य केले. मोबदल्यात अर्जेंटिनाने ब्रिटिश मालावरील जकातीत सवलती दिल्या, कोळसा जकातमुक्त ठेवला आणि ब्रिटिश मालकीच्या रेल्वे व इतर कंपन्यांना हितकारक वागणूक देण्याचे वचन दिले. आयात-परवान्यांपैकी केवळ १५ टक्के अर्जेंटिनाच्या सरकारला वाटता येणार होते. उरलेले ८५ टक्के प्रस्थापित परदेशी कारखान्यांकडेच राहणार होते. या कराराने बाजारपेठ टिकली हे खरे, परंतु ती टिकली कारखान्यांसाठी आणि त्यांच्या मर्जीतील इन्वेर्नादोरांसाठी; पैदास करणाऱ्याला भावाची कोणतीही हमी त्यात नव्हती.

हे विषमतेचे गणित जाहीरपणे मांडण्याचे धैर्य सांता फे प्रांताचे सिनेटर लिसांद्रो दे ला तोर्रे यांनी दाखवले. १९३४ मध्ये सिनेटने नेमलेल्या चौकशी समितीला कारखान्यांनी उत्पादन-खर्चाच्या वह्या देण्याचे टाळले. आंग्लो कंपनीच्या वह्या ‘नॉर्मन स्टार’ या जहाजावर, डबाबंद मांसाचा माल म्हणून चढवलेल्या खोक्यांत लपवलेल्या सापडल्या. कारखाने नफा दडवून कर चुकवतात आणि सत्तेजवळच्या बड्या पशुपालकांना, त्यांत खुद्द शेतीमंत्र्यांना, चढा भाव देतात, असा आरोप दे ला तोर्रे यांनी केला. २३ जुलै १९३५ रोजी सभागृहातच त्यांच्या रोखाने गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांचे तरुण सहकारी, नवनिर्वाचित सिनेटर एन्सो बोर्दाबेहेरे, ठार झाले. चौकशी तेथेच विरली. दे ला तोर्रे यांनी १९३७ मध्ये राजीनामा दिला आणि जानेवारी १९३९ मध्ये आत्महत्या केली. मांसाच्या भावासाठी एखाद्या देशाच्या संसदेत रक्त सांडावे ही घटना जगाच्या व्यापार-इतिहासात विरळाच, आणि तिचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ थोडक्यात सांगता येतो. ब्रिटनची क्रयशक्ती घटली. १९६७-६८ मध्ये तेथे लाळ-खुरकूतीची भयानक साथ आली आणि तिचा संबंध अर्जेंटिनाहून आलेल्या मेंढीच्या मांसाशी जोडला गेल्यावर हाडांसह गोमांस घेणे थांबले. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि १९७४ मध्ये त्या समुदायाने गोमांसाची आयात रोखली. यानंतर अडथळा घरातूनही आला. अर्जेंटिनाचे नागरिक स्वतः गोमांसाचे मोठे ग्राहक असल्यामुळे निर्यातीने भाव चढले की शहरी मतदार संतापतो. मार्च २००६ मध्ये सरकारने देशातील भाव रोखण्यासाठी निर्यातीवर १८० दिवसांची बंदी घातली आणि पुढे कोटा व कर कायम ठेवले. पशुपालकांनी वासरांची आशा सोडून गाईच कत्तलीला पाठवायला सुरुवात केली, त्यात २००८-०९ च्या दुष्काळाची भर पडली आणि सुमारे ५ कोटी ८० लाखांचा कळप २०११ पर्यंत ५ कोटींच्या खाली आला. कालवड वाढून गाय होणे, तिला वासरू होणे आणि ते विक्रीयोग्य होणे यास चार-पाच वर्षे लागतात. डिसेंबर २०१५ मध्ये गोमांसावरील निर्यात-कर रद्द झाल्यानंतरच्या वर्षांतही हा कळप जुन्या संख्येला पोहोचला नाही.